चातुर्मासातली घोडी आणि खुरातला पू

आषाढी एकादशीनंतर लग्नाच्या तिथी संपल्या की आमच्या यवतमाळ-वाशीमकडे वरातीच्या घोड्या तुळशीच्या लग्नापर्यंत दावणीला उभ्या राहतात, आणि मी तपासलेली खुरांची बहुतेक दुखणी याच रिकाम्या महिन्यांतली आहेत. काम नसल्यामुळे नालबंदाला बोलावणे लांबते, खूर वाढत जातो आणि शेणमुताने भिजलेल्या काळ्या मातीच्या चिखलात मऊ पडतो. मग तळव्याच्या एखाद्या भेगेतून जंतू आत शिरतात, आणि कठीण कवच फुगू शकत नसल्यामुळे साचलेल्या पुवाचा दाब आतल्या आत वाढत राहतो.

म्हणूनच काल नीट चालणारी घोडी आज पाय टेकत नाही. हाड मोडले असावे, असे समजून मालक खांद्याला तेल चोळत बसतात. त्याआधी खूर धुऊन दोन्ही पायांची उष्णता ताडून पाहावी आणि घोट्याच्या मागच्या बाजूला बोटे ठेवून नाडी जोरात उडते का, हे बघावे. त्यानंतर चिमट्याने तळवा थोडा थोडा दाबत गेल्यास जिथे घोडी पाय झटकते, बहुधा तिथेच पू असतो. पशुवैद्याने तेवढ्याच जागी खरवडून वाट करून दिली की करडा-काळा, दुर्गंधीयुक्त पू बाहेर येतो आणि बहुतेकदा एक-दोन दिवसांत जनावर पायावर भार देऊ लागते. पुढे एप्सम मीठ घातलेल्या कोमट पाण्याचा शेक, स्वच्छ पट्टी आणि कोरडी जागा एवढे पुरते. पुवाला वाट न देता केवळ प्रतिजैविके टोचत राहणे मला पटत नाही. (इंजेक्शन दिले नाही तर डॉक्टरने काही केलेच नाही, ही समजूत मात्र पक्की आहे.) धनुर्वाताची लस टाळू नये, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

खिळा रुतला असेल तर घाईने उपटू नये; तो सांध्यापर्यंत गेला आहे का, हे एक्स-रेत खिळा जागेवर असतानाच नीट कळते.

संपूर्ण पाय सुजून ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर मात्र प्रतिजैविके हवीतच. मागच्या पायावर ओळीने गाठी येऊन फुटत असतील, तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची शंका घ्यावी. हा रोग माणसालाही होतो. त्यामुळे जखमेला उघड्या हाताने स्पर्श न करता घोडी वेगळी बांधावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे, म्हणजे रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासणीसाठी पाठवता येतो.