सासूबाईंच्या नऊवारीचा कुर्ता

जुनी सुती नऊवारी सगळीकडे सारखी विरत नाही. बसण्याची जागा आणि गुडघ्यांवरचा भाग आधी जातो; निऱ्यांतलं कापड बऱ्यापैकी टिकतं. म्हणून कात्री हातात घेण्याआधी सासूबाईंची हिरवी साडी गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरी खिडकीशी धरून टोकापासून टोकापर्यंत बघितली. जिथून उजेड चाळणीतून यावा तसा येत होता, तिथे खडूने फुल्या मारल्या. 8 मीटरहून लांब साडी, पण भरवशाचं कापड निघालं जेमतेम दोन कुर्त्यांपुरतं.

‘अगो, मशीन काय पुजायला ठेवलंय?’ मी हाताने शिवायला घेतलं तसं सासूबाईंनी विचारलंच. मशीनची टीप दाट पडते आणि विरलेल्या सुताला त्या भोकांच्या ओळीवरच फाटायची सवय असते. त्यात पॉलिस्टरचा दोरा असेल तर तो कापडालाच कापतो. मी सुती दोरा घेतला. ताण आला तर दोरा तुटावा, तो परत घालता येतो.

जुनी साडी टरकावून सरळ फाटत नाही, म्हणून सुईने एक धागा ओढून काढला आणि त्या रेघेवर कापलं. कापही जुन्या पद्धतीचाच ठेवला: सरळ पट्ट्या, बाह्या चौकोनी, काखेत चौबगला, म्हणजे वेगळा जोडलेला चौकोनी तुकडा. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या जागेची, गोलाई उरेब (तिरकी) येते आणि विरलेलं कापड तिथे ओढलं जाऊन सैल पडतं. ती कटकटच नको. काठ खाली आणि बाह्यांना ठेवल्यामुळे हेम घालायचं कामही वाचलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला बाजूच्या शिवणीत. कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून आधी पाव इंचावर धावदोरा घातला. मग उलटून कडा आत कोंडली आणि दुसरा धावदोरा, दर चार-पाच टाक्यांनी एक उलटा टाका घेत. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता. टाचण्या रात्री आठवणीने काढायच्या. आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्या गंजतात आणि तांबूस डाग सहजी जात नाही.

चौबगल्यावर सगळ्यात जास्त ताण येतो, तिथे नवंच कापड हवं. गोव्याच्या कुणबी साडीची लाल चौकट फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्जनी रॅम्पवर नेली, तेव्हापासून ती हौसेची झाली आहे. अख्खी साडी घेण्याची माझी ऐपत नव्हती, म्हणून तुकड्यावर भागवलं. तो आधी दोनदा धुतला. लाल रंग सुटला असता आणि नवं कापड आटून जुन्याला ओढलं असतं ते वेगळंच. हिरव्यात काखेखालचा तो लाल चौकोन हात वर केल्यावरच दिसतो, आणि सासूबाईंना कुर्त्यात तेवढंच आवडलं.

फुल्यांचं कापड गोधडीच्या आतल्या थराला ठेवलंय. त्याला ऊन दाखवावं लागेल, म्हणजे चतुर्थीनंतरच.