'यूज्ड अप' म्हणजे नुसतं 'वापरलं' नव्हे

ऑफिसातून मेल आला होता : 'यू हॅव यूज्ड अप युवर कॅज्युअल लीव्ह.' मी मराठी माध्यमात शिकलेला. 'यूज' म्हणजे वापरणं, तेव्हा आपली काही रजा वापरून झाली, एवढाच अर्थ मी घेतला. 'अप'कडे लक्षच दिलं नाही. दिवाळीला गावी तीन दिवस जास्त राहिलो आणि महिनाअखेरीला तीन दिवसांचा पगार कापला गेला.

शब्दकोश काढला. 'यूज'च्या नोंदीत अगदी शेवटी 'यूज अप' वेगळं दिलेलं होतं : पूर्ण वापरून संपवणे. अर्थ कळला, पण 'अप' म्हणजे वर. वर जाण्याचा आणि रजा संपण्याचा संबंध काय, हे काही केल्या उमगेना.

ते उलगडलं स्वयंपाकघरात. बायको मुलाला म्हणाली, "दूध पिऊन टाक पटकन." पिऊन टाक! यात टाकायचं काहीच नसतं. पेला रिकामा झाला पाहिजे, एवढंच तो 'टाक' सांगतो. इंग्रजीत हेच 'ड्रिंक अप'. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक. म्हणजे माझी रजा नुसती वापरलेली नव्हती, वापरून टाकलेली होती! शाळेत संयुक्त क्रियापदं शिकलो होतो, ती इतक्या वर्षांनी इथे कामाला आली. विहीर आपोआप आटते तेव्हा मात्र आपण 'टाकली' म्हणत नाही, 'आटून गेली' म्हणतो. इंग्रजीत तिथेही 'ड्राइड अप'च. आपली भाषा इथे किती बारीक फरक करते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

ही किल्ली सगळीकडे लागत नाही. 'ब्रिंग अप' म्हणजे मूल वाढवणं, किंवा बोलताना एखादा विषय काढणं. 'लुक अप' म्हणजे शब्दकोशात शोधणं. असे शब्द मी अख्ख्या वाक्यासकट पाठ केले.

जागेचं कोडं वेगळंच. 'यूज अप द लीव्ह' चालतं, 'यूज द लीव्ह अप'ही चालतं. पण 'इट' आलं की ते मध्येच बसतं : 'यूज इट अप'. 'यूज अप इट' चूक. आपण 'वापरून' आणि 'टाक' यांच्यामध्ये सहसा काही घालत नाही, म्हणून जीभ अडायची. बसस्टॉपवर उभा राहून पुटपुटत असे.

यंदा गणपतीआधी रजेची विचारणा झाली, तेव्हा उत्तर पाठवलं : 'आय हॅव नॉट यूज्ड इट अप. फोर डेज आर लेफ्ट.'