दोन ‘व्ही’ आणि एक वही

ऐकलेल्या गाण्यांची वही ठेवण्याची सवय मला रेडिओच्या काळापासून आहे. डावीकडे तारीख, मध्ये गाण्याचे नाव आणि उजवीकडे गाणाऱ्याचे, एवढाच तिचा पसारा. गाणे कोणत्याही भाषेतले असले तरी नोंद देवनागरीतच करायची हा माझा जुना हट्ट, आणि त्याने मला आजवर कधी फारसे अडवले नव्हते. २०१४ साली टोरांटोत राहणाऱ्या भाचीने एका नव्या बँडची गाणी पाठवली आणि उजव्या रकान्यात काय लिहावे, यावर माझे घोडे पेंड खाऊ लागले.

बँडचे नाव उच्चारायला ‘ऑलवेज’, म्हणजे नेहमी, सदैव. लिहिताना मात्र त्यात डबल्यू नाही; त्याच्या जागी दोन व्ही खांद्याला खांदा लावून उभे आहेत. कारण अगदी व्यवहारी होते. सरळ स्पेलिंगचा ‘ऑलवेज’ नावाचा एक बँड आधीच सोनी कंपनीच्या दप्तरी होता, तेव्हा या मंडळींनी ते एक अक्षर मधोमध फोडले आणि वाद मिटवला. दुरून पाहावे तर तेच नाव, जवळून पाहावे तर वेगळे. इंग्रजीत या अक्षराला ‘दुहेरी यू’ म्हणतात. फ्रेंचमध्ये मात्र ‘दुहेरी व्ही’च म्हणतात, त्यामुळे क्वेबेकमधल्या एखाद्या फ्रेंचभाषक श्रोत्याला यात काही बदलले आहे असे वाटतही नसेल. आमच्या देवनागरीची अडचण निराळी आहे. ‘व’ लिहिला तर डबल्यू होतो, ‘व्ह’ लिहिला तर एकच व्ही होतो, आणि दोन्ही व्ही इमानाने उतरवायचे म्हटले तर ‘ऑल्व्ह्व्हेज’ असे काहीतरी तयार होते, जे वाचताना ठसका लागावा. अखेर मी मुकाट्याने ‘ऑलवेज’ लिहिले. म्हणजे ज्या नावापासून वाचण्यासाठी त्यांनी एवढा खटाटोप केला, नेमके तेच नाव माझ्या वहीने त्यांच्या गळ्यात घातले.

गायिका मॉली रँकिन हिच्या बाबतीत नावाचा प्रश्न याहून जुना आहे. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात केप ब्रेटन नावाचे बेट आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातून आलेल्या लोकांनी तिथे आपली गेलिक भाषा आणि फिडल, म्हणजे लोकसंगीताच्या ढंगाने वाजवायचे व्हायोलिन, पिढ्यान्‌पिढ्या टिकवून धरले. तिथल्या माबू गावच्या पाच रँकिन भावंडांचा ‘रँकिन फॅमिली’ हा संच १९९०च्या दशकात कॅनडात घरोघरी पोहोचला होता. त्यांतले फिडल आणि पियानो वाजवणारे जॉन मॉरिस रँकिन हे मॉलीचे वडील. २००० सालच्या जानेवारीत मोटारीच्या अपघातात ते गेले, तेव्हा मॉली शाळेत होती. पुढे त्या परिवाराच्या दौऱ्यांत तीही सहभागी झाली. आपल्याकडे याला घराणे म्हटले असते, आणि घराण्यातल्या मुलीने तालीम बाजूला ठेवून विजेची गिटार गळ्यात अडकवली, तर चार जाणत्यांनी कपाळाला आठ्याही घातल्या असत्या.

मला मात्र तिने घर सोडले असे वाटत नाही. जुडीक या लहानशा गावात मॉलीच्या शेजारच्याच घरात केरी मॅक्लेलन राहत असे; दोघी मुली मिळून फिडलवरच्या चाली वाजवत. तीच केरी आज बँडमध्ये कीबोर्ड वाजवते. गिटारवादक अ‍ॅलेक ओहॅन्ली हाही अटलांटिक किनाऱ्याचाच, प्रिन्स एडवर्ड बेटावरचा. टोरांटोत येऊन २०११च्या सुमारास त्यांनी बँड उभा केला, तरी चालीची घडण मला जुनीच वाटते. गिटारींचा किणकिणाट आणि ओल्या काचेआडून यावा तसा घुमणारा आवाज हा सगळा साज उतरवून त्यांचे कोणतेही गाणे नुसते गुणगुणून पाहावे; चाल स्वतःच्या पायांवर उभी राहते. केप ब्रेटनमध्ये गाण्याच्या बैठका स्वयंपाकघरात भरतात, आणि चुलीजवळ बसून म्हणता येईल अशी चाल रचण्याचे वळण तिथूनच आले असावे, अशी माझी आपली समजूत आहे.

पहिला अल्बम त्यांनी २०१३ साली कॅलगरीत चॅड व्हॅनगालेन या संगीतकाराच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला आणि तो २०१४च्या जुलैत प्रसिद्ध झाला. त्यात नऊच गाणी आहेत. ‘आर्ची, मॅरी मी’ हे त्यांतले दुसरे, आणि भाचीने सर्वांत आधी पाठवलेले. त्यातल्या आर्चीच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे. लग्न मोडले तर पोटगी भरावी लागेल या भीतीने तो लग्नाच्या नावानेच बिचकतो. मुलगी त्याला सांगते की निमंत्रणे नकोत, फुलांची सजावट नको, आपण आपले कागदांवर सह्या करू. आमच्या पिढीत याला नोंदणी विवाह म्हणत आणि तो घरच्यांचा रोष पत्करून करत. इथे तो हिशेब जमत नाही म्हणून करायचा आहे. विनोद आणि आर्जव यांतले नेमके काय आहे हे गाणे संपेपर्यंत कळत नाही, कारण ती दोन्ही एकाच सुरात गाते.

दुसऱ्या अल्बमच्या गाण्यांसाठी मॉली टोरांटो बेटावर जाऊन राहिली. दिवसा एका ओस पडलेल्या वर्गखोलीत काम करायचे आणि रात्री पाण्यापासून चार पावलांवर झोपायचे, असा तिचा क्रम होता. लहानसा स्पीकरचा संच तिने एका चाकाच्या हातगाडीत घालून फेरीबोटीवर चढवला, हे वाचल्यापासून ती हातगाडी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. भाचीकडे गेलो असताना मी मुद्दाम त्या बोटीत बसलो. बे स्ट्रीटच्या टोकाशी बोट लागते आणि पंधरा-एक मिनिटांत पलीकडे पोहोचवते. मागे सीएन टॉवर आणि काचेच्या इमारती हळूहळू लहान होत जातात. वॉर्ड्स आयलंड या बेटाच्या भागातल्या वस्तीत मोटारी नाहीत, त्यामुळे रहिवासी किराण्यापासून कुंड्यांपर्यंत सारे सामान हातगाड्यांतूनच ओढून नेतात. माझ्यापुढे एक बाई मातीच्या दोन गोण्या आणि टोमॅटोचे रोप घेऊन उभ्या होत्या. बोट धक्क्याला टेकताना बसलेल्या हिसक्याने रोप कलंडले, आणि त्यांनी ते गुडघ्याने सावरले. अशा रांगेत स्पीकर घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे कोणी वळूनही पाहिले नसेल.

ती गाणी ‘अँटिसोशलाइट्स’ या नावाने सप्टेंबर २०१७मध्ये आली. माणसांपासून दूर जाऊन लिहिलेल्या गाण्यांना ते नाव शोभते. पुढच्या वर्षी त्याला कॅनडाचा जूनो पुरस्कारही मिळाला. समीक्षक निवडतात त्या पोलॅरिस पुरस्काराची कथा मात्र गमतीची आहे: या बँडचे तिन्ही अल्बम अंतिम यादीत पोहोचले आणि तिन्ही वेळा बक्षीस दुसऱ्याच कोणी नेले.

त्यानंतर वहीत पाच वर्षे त्यांचे नाव नाही. या काळात काय काय झाले, हे नंतर कळले. मॉलीच्या घरी चोर शिरला आणि नव्या गाण्यांचे कच्चे मुद्रण असलेला रेकॉर्डर घेऊन गेला. दुसऱ्याच दिवशी तळघरात पाणी भरले आणि वाद्ये व सामान नासता नासता वाचले. मग महासाथीत सीमा बंद झाल्या, तर नवी ढोलवादक शेरिडन रायली आणि बास वाजवणारी अ‍ॅबी ब्लॅकवेल या दोघींसह तालीम करणेच अवघड झाले. मी त्या चोराचा पुष्कळ विचार केला आहे. त्याने ते यंत्र चालू करून पाहिले असेल का? पाहिले असेल, तर ती अर्धीमुर्धी गाणी आपल्याआधी ऐकणारा तो एकमेव परका श्रोता ठरतो.

‘ब्लू रेव्ह’ अखेर ऑक्टोबर २०२२मध्ये आला. हे नाव एका गोड, निळ्या, बाटलीबंद मद्याचे; मॉली आणि केरी शाळकरी वयात ते चोरून पीत. त्यात चौदा गाणी आहेत, आणि मला तिन्हींत हाच अल्बम सरस वाटतो, कारण पहिल्या दोहोंत सुबकपणे आवरून ठेवलेला गोंगाट इथे दार लोटून आत येतो. त्यातल्या ‘बेलिंडा सेज’ या गाण्याला २०२४च्या ग्रॅमी पुरस्कारांत नामांकनही होते.

अल्बम घडला कसा, हे मला त्याहून मोलाचे वाटते. इतकी वर्षे एकेक स्वर घासूनपुसून झाल्यावर निर्माता शॉन एव्हरेट याने त्यांना स्टुडिओतल्या दुसऱ्याच दिवशी अख्खा अल्बम सलग वाजवायला लावला, तोही दोनदा. दोन फेऱ्यांच्या मध्ये अर्धा तास, आणि दोन गाण्यांच्या मध्ये फक्त पंधरा सेकंद.

तिन्ही अल्बम मिळून तेहतीस गाणी होतात आणि ती दोन तासांच्या आत संपतात. परवा दुपारी मी ‘ब्लू रेव्ह’ त्याच शिस्तीने ऐकायला बसलो: गाणे संपले की थांबवायचे, घड्याळात पंधरा सेकंद मोजायची, पुढचे लावायचे, आणि तेवढ्यात वहीत नोंद करून टाकायची. तिसऱ्या गाण्यापर्यंत कसेबसे जमले. पुढच्या पंधरा सेकंदांत तारीख लिहून झाली, गाण्याचे नावही झाले. उजव्या रकान्यात ‘ऑल’ एवढे लिहून होते न होते तोच घड्याळाचा काटा पुढे सरकला.