तुम्ही विचारलंत म्हणून: विळा असताना हा चाकू कशाला?

आत वळलेल्या चोचीचा, न मिटणारा चाकू मी का बनवतो, हे दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. नात्यातले जरा जास्तच. "इळा असताना हे काय करलालास?" आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगतो.

विळ्याशी माझं भांडण नाही. ज्वारी काढायला विळाच हवा. पण तो मूठभर ताटं कवेत घेण्यासाठी आहे. त्याचा बाक मोठा. जनावराच्या मानेला आवळलेल्या दाव्याखाली तो शिरत नाही.

2021 च्या सप्टेंबरात मांजरा धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा आमचा गोठा नदीकडेला होता. रात्री पाणी चढलं. दावी नायलॉनची. भिजलेली आणि जनावराने ओढून आवळलेली गाठ बोटांनी सुटत नाही, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. चुलतभावाकडे मिटणारा चाकू होता, चांगला, महागातला. मांडीपर्यंत पाणी, लाईट गेलेली, मोबाईलचा उजेड काकूच्या हातात. गाय सुटली, वासरू सुटलं. म्हशीच्या दाव्यात मात्र टोक अडकलं. ते काढायला त्याने हात उलटा रेटला, पात्याच्या पाठीवर जोर आला, खटका सुटला आणि पातं तर्जनीवर मिटलं. काकांनी घरातली सुरी आणली. सरळ टोकाची. म्हशीने मान झटकली आणि ते टोक तिच्या गळ्यात गेलं. त्यानंतर तिने कुणाला जवळ येऊ दिलं नाही. आम्ही बांधावर उभे राहून तिचं ओरडणं ऐकत होतो, पाणी वर येईपर्यंत. भावाचं बोट अजून पुरतं वळत नाही.

"खटका चांगला असता तर झालं नसतं," असं मला ऐकवतात. असेल. पण चिखल, सरकीची कुसं, उसाचा चिकट रस सांध्यात गेल्यावर कुठला खटका किती दिवस चांगला राहतो? म्हणून सांधाच नको. पातं मुठीच्या टोकापर्यंत आरपार, दोन्ही बाजूंनी बाभळीच्या फळ्या, पितळी रिव्हेट. हा चाकू ओढून चालवायचा असतो, त्यामुळे ओल्या हातातून तो पुढे निसटू बघतो. मुठीच्या शेवटी करंगळीला अडेल असा बाक त्यासाठीच आहे. चोच दोरीखाली घालायची, बोथट पाठ कातडीकडे, धार बाहेर.

पहिला नमुना मी फार खोल वळवला होता. जितका बाक जास्त तितकी दोरी घट्ट धरणार, हे तेव्हाचं म्हणणं खोटं नव्हतं. पण दोरी तुटल्यावर तेच टोक झटक्याने मांडीकडे येतं. आता बाक उथळ आहे, तर ठिबकची नळी कधी कधी त्यातून घसरते. तेव्हाचा मी आता समोर बसला असता तर वाद घातला असता, आणि मला सगळी उत्तरं देता आली नसती.

पोलादाचंही तसंच. बेअरिंगच्या ईएन 31 जातीच्या पोलादात कार्बन 1 टक्क्याच्या आसपास, धार टिकते, पण बारीक चोच पिळली की तुकडा पडतो. ट्रकच्या कमानपाट्यात, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीत, साधारण 0.6 टक्के, तो सोसतो, पण धार लवकर जाते. मी पाटा घेतो. तेलात विझवून पातं कडक केल्यावर चोचीला थोडी जास्त ऊब देऊन नरम ठेवतो. मोसंबीवाल्यांना धार टिकायला हवी, ते यावर नाराज असतात आणि त्यांचं चुकत नाही.

पोलिसांचं विचारता, तर शस्त्र कायद्यातली मर्यादा 9 इंच लांबी किंवा 2 इंच रुंदीच्या वरच्या पात्याची आहे, आणि शेतीच्या अवजारांना त्यातही सूट आहे. माझं पातं 3 इंची.

धार लावायला सपाट दगड चालत नाही, आतल्या बाकात पोचतच नाही. गोल कांडी मी सोबत देतो. ती लोक हरवतात. टोक मोडून आणणाऱ्यांनी बहुतेक त्या टोकाने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलेलं असतं. ते मी फुकट घासून देत नाही.