बॉक्सस्टर अपडेट: पी११२८/पी११३० चं मूळ शेवटी सापडलं

सापडलं मंडळी, सापडलं! माझ्या पोर्शे बॉक्सस्टरचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लावणारे ते दोन कोड, पी११२८ आणि पी११३० (इंजिनाच्या दोन बाजूंना, म्हणजे दोन बँकांना, आयडलवर मिक्श्चर लीन, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त), त्यांचं मूळ म्हणजे ऑइल फिलरची नळी. मागच्या डिकीत ऑइल टाकतो तिथून खाली इंजिनापर्यंत जाते ना ती प्लास्टिकची, मधे हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असलेली, तिच्या खालच्या बाजूच्या एका घडीत चीर गेलीये. आणि गंमत म्हणजे इंजिन गार असताना ती चीर दिसतसुद्धा नाही.

मागच्या वेळी लिहिलं होतं तसं नवीन एमएएफ, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर, टाकला (या वेळी ओरिजिनल बॉश, तो स्वस्तातला कॉपी पीस आयडलला हवा कमीच दाखवायचा, माझं मत पक्कं झालंय, एमएएफमध्ये पैसे वाचवू नका), कोड क्लिअर केले, आणि चार दिवस बरे जातायत म्हणेपर्यंत ऑफिसमधून येताना ८८० हायवेवर परत पिवळा दिवा. कधी नुसता पी११२८, कधी नुसता पी११३०, कधी दोन्ही. मग आपोआप विझायचा. इथल्या एका गॅरेजवाल्याने सरळ चारही ओटू सेन्सर (एग्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारे) बदला म्हणून सांगितलं. पण दोन्ही बँकांचे सेन्सर एकाच वेळी, एकाच दिशेने कसे काय बिघडतील? ते काही पटेना.

म्हणून ड्युरामेट्रिक (पोर्शेसाठीची डायग्नोस्टिक केबल आणि सॉफ्टवेअर) लावून लॅपटॉप शेजारच्या सीटवर ठेवून लॉगिंग सुरू केलं. ही केबल घ्याच, साध्या ओबीडी रीडरवर एफआरए (लोडवर पेट्रोल किती पट करावं लागतंय) आणि आरकॅट (आयडलवर किती जास्तीचं घालावं लागतंय) असे वेगळे दिसत नाहीत आणि सगळी गोम तिथेच आहे. एफआरए दोन्ही बँकांवर १.०१, १.०२, म्हणजे लोडवर मिक्श्चर एकदम ठीक, एमएएफ निर्दोष. आरकॅट मात्र सकाळच्या गारव्यात १ च्या आसपास आणि दुपारी ट्रॅफिकमध्ये आयडलवर उभं राहिलं की चढत चढत ५ च्या वर, दोन्ही बँका हातात हात घालून. आयडललाच लीन, दोन्हीकडे सारखं लीन, आणि तेही फक्त तापल्यावर. मग एमएएफच्या पुढे कुठेतरी न मोजलेली हवा आत जातेय, दुसरं काय असणार. जी बँक आधी लिमिट ओलांडेल तिचा कोड, म्हणून ती लपाछपी. दिव्याचं पण तसंच, लागोपाठ दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून बंद केली की एक) फॉल्ट दिसला की लागतो आणि तीन चांगल्या गेल्या की विझतो, त्यामुळे वीकेंडला सकाळी सकाळी २८० हायवे आणि स्कायलाइन रस्त्यावर फिरून आलं की गाडी बरी झाल्यासारखी वाटायची.

त्याच गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट (आत धूर सोडून गळती शोधायची) झाली होती आणि रिपोर्ट आला "नो लीक". रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी पहिली टेस्ट. गार इंजिनावर दुसरं काय येणार?

खरा धागा मिळाला ऑइलच्या झाकणावरून. गार असताना आयडलवर झाकण उघडलं की इंजिन लगेच अडखळतं, आरपीएम खाली जातो, तसंच व्हायला पाहिजे कारण क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या पोकळीत) व्हॅक्यूम असतो. मग गाडी चांगली तापवून आणली आणि परत उघडलं तर आवाजात जेमतेम फरक! म्हणजे व्हॅक्यूम आधीच कुठूनतरी गळून गेलेला. त्या क्षणी मला गॅरेजमध्ये एकट्यालाच हसू आलं.

गाडीचं छत (टॉप) सर्व्हिस पोझिशनला, इंजिनावरचं कव्हर काढलं, पंखा पूर्ण थांबू दिला आणि इंजिन गरम असतानाच घरच्या स्मोक मशीनने (रंगाचा डबा, ग्लो प्लग, बेबी ऑइल) धूर सोडला. प्रेशर १ पीएसआयच्या आत ठेवा हं, जास्त दिलं तर आरएमएसची (क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलची) वाट लागेल. आधी काहीच नाही. मग नळी बोटाने हलकेच वर दाबली आणि घडीतून धुराची बारीक रेघ, सरळ वर. बोट सोडलं की पण येत होती, फक्त नळीच्या मागून जात असल्याने दिसत नव्हती. २००१ ची गाडी, ओरिजिनल नळी, इतकी वर्षं त्या उष्णतेत, प्लास्टिक तरी किती तग धरणार.

नवी नळी बसवली, खालच्या टोकाला नवीन ओ-रिंग. हात आत जात नाही, मनगटाची सालं निघतात, पण होतं. गरम आयडलला आरकॅट आता ०.८ आणि ०.९. दोन दिवस ते आकडे बघतच बसलोय.

खरं तर एवढं उघडलंय तर एओएस (क्रँककेसच्या वाफेतलं ऑइल वेगळं करणारा पार्ट) पण बदलून टाकावा असा प्लॅन होता, पार्ट कार्टमध्ये होता. पण हे लिहिता लिहिताच वाटलं, आधी मोजू तरी. म्हणून थांबलो, जुन्या ऑइल कॅपला भोक पाडून पारदर्शक नळी बसवली, यू आकारात पाणी भरलं आणि आयडलवर मोजलं, साधारण ५ इंच पाण्याचा व्हॅक्यूम. हे अगदी नॉर्मल. एओएसचा डायफ्रॅम फाटला की हा आकडा दुप्पटीकडे जातो आणि स्टार्टला पांढरा धूर येतो, इथे दोन्ही नाही. सो एओएस राहू दे, कार्ट रिकामी. ती कॅप मात्र जपून ठेवलीये, दर सर्व्हिसला मोजणार. बे एरियात कोणाला पाहिजे असेल तर घेऊन जा.

आता स्मॉग, म्हणजे कॅलिफोर्नियाची धुराची तपासणी. कोड क्लिअर केले की रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते दाखवणारे) सगळे शून्यावर येतात, आणि कॅलिफोर्नियात २००० आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना फक्त इव्हॅप (पेट्रोलच्या वाफेचा) अपुरा चालतो, बाकी सगळे पूर्ण लागतात. सध्या कॅटॅलिस्टचा बाकी आहे. त्यासाठी रविवारी सकाळी २८० वर एकसारख्या स्पीडने लांब चक्कर, सॅन मटेओपर्यंत जाऊन परत. तो रेडी दिसला की सोमवारी थेट टेस्टला.