कॅमेरा बाजूला ठेवणारा माणूस

मी ॲनिमेशन करते म्हटलं की लोक पहिल्यांदा सॉफ्टवेअर विचारतात. तेव्हा मला हमखास प्रायोगिक चित्रपट करणारा लेन लाय आठवतो. याने तर कॅमेराही बाजूला ठेवला!

लाय न्यूझीलंडचा, जन्म १९०१चा. लंडनला येऊन त्याने 'तुसालावा' (१९२९) ही ॲनिमेशन फिल्म हाताने चितारली. पण माझी लाडकी 'अ कलर बॉक्स', १९३५ची. कॅमेरा नाहीच, फिल्मच्या पट्टीवर थेट रंग, खाली क्यूबन नाचाचं संगीत, आणि रेषा अशा थरथरतात की पायाने आपोआप ठेका धरावा. पैसे ब्रिटिश पोस्टखात्याचे, म्हणून मध्येच पार्सलचे दर झळकतात! अमूर्त कला वगैरे ठीक, पण पैसे देणाऱ्याचं काम चोख करायचं. क्लायंटच्या लोगोवर कुरकुरताना मी हे स्वतःला बजावते.

पुढे तो न्यूयॉर्कला गेला. १९५८च्या 'फ्री रॅडिकल्स'मध्ये रंगही नाही. काळ्या फिल्मवर टोकदार हत्याराने ओरखडे, बस्स. सेकंदाला चोवीस चौकटी, आणि प्रत्येक चौकट नखाएवढी. ब्रुसेल्सच्या प्रायोगिक चित्रपटस्पर्धेत तिला दुसरं बक्षीस मिळालं.

तरी पुढच्या कामाला पैसा उभा राहीना. मग तो पोलादाच्या हलत्या शिल्पांकडे वळला. लोक याला माध्यम बदलणं म्हणतात, मला पटत नाही. त्याला हालचालच हवी होती, ती पट्टीवर असो की पत्र्यात. १९७९मध्ये त्याने 'फ्री रॅडिकल्स' पुन्हा हातात घेतली आणि काय केलं, तर ती आणखी छोटी केली.