आठ वर्षं उभी असलेली पद्मिनी पुन्हा चालू करताना

गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. घेतली तेव्हा आठ वर्षं शेडमध्ये उभी होती. ‘बॅटरी लावा, सेल्फ मारा, चालू होईल’, असं अशा वेळी हमखास सांगितलं जातं. ते ऐकू नये. पिस्टनच्या रिंगा गंजलेल्या असताना कोरडं इंजिन फिरवलं की सिलेंडरला ओरखडे पडतात, आणि थोड्या तेलाने भागलं असतं ते काम थेट बोअरिंगवर, म्हणजे सिलेंडर आतून कापून मोठा करण्यावर जातं.

आधी ठिणगी देणारे चारही प्लग काढले. प्रत्येक भोकातून साधारण १० मिली तेल सोडलं, निम्मं इंजिन ऑइल आणि निम्मं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल. दोन दिवस तसंच ठेवून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावला आणि इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवलं. हलत नसेल तर पान्याला पाइप जोडून जोर करू नये. आणखी एक दिवस थांबावं.

जुनं ऑइल काढून २०डब्ल्यू-४० ग्रेडचं नवं भरलं. प्लग बाहेरच ठेवले, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर काढली आणि सेल्फ मारला: दहा सेकंद सेल्फ, अर्धा मिनिट विश्रांती. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत हेच. दिवा विझल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, कारण इतक्या वर्षांत बेअरिंगवर तेलाचा थर उरलेला नसतो.

मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब पाहिला. तीन सिलेंडर ११० पीएसआयच्या आसपास, तिसऱ्या नंबरचा मात्र ७०. त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजलं. आकडा वाढला असता तर दोष रिंगांचा. वाढला नाही, म्हणजे व्हॉल्व्हचा. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) गॅप बरोबर होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये, म्हणजे दांडी सरकते त्या नळीत, चिकटत होता. दांडीवर गंज सोडवणारं तेल टाकून, इंजिन हाताने फिरवत, लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकून तो मोकळा केला. आकडा १०५ वर आला. हेड उघडायची वेळ आली नाही.

उभ्या गाडीत लोखंडाच्या आधी रबर मरतं. पेट्रोलच्या वाटेवर ते लगेच कळतं. टाकी उघडल्यावर पेट्रोलऐवजी व्हार्निशचा वास आला. टाकी उतरवून धुतली, पण पहिल्यांदा गाडी चालू करताना टाकी जोडलीच नाही. एक लिटरच्या स्वच्छ डब्यातून नळी थेट पंपाला दिली. पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचीक पडदा, न तपासता वापरणं धोक्याचं. पंप इंजिनच्या ब्लॉकवर बसतो, त्यामुळे डायफ्राम फाटला की पेट्रोल गुपचूप ऑइल चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर तेच समजावं. आज पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून डायफ्राम आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या सोलेक्स कार्ब्युरेटरचे जेट (बारीक भोकाचे तुकडे) पितळी असतात, त्यांत तार घालू नये; भोक किंचित मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो.

करंटचं काम सोपं निघालं. सीबी पॉइंटवर (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) राखाडी थर चढला होता. बारीक पॉलिश पेपर फिरवून, कागदाने पुसून गॅप ०.४५ मिमी केला, प्लगचा ०.६. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-४-२. इंजिन आणि चासीमधली अर्थची पट्टी नवीन टाकली. ती गंजली की सेल्फ अडखळतो आणि दोष बॅटरीला दिला जातो.

हे सगळं झाल्यावर इंजिन पहिल्याच दिवशी चालू झालं. रस्त्यावर मात्र ब्रेक झाल्याशिवाय न्यायचं नाही, यात तडजोड करू नये. चारही चाकांना ड्रम. चाकातला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलेंडरचे पिस्टन जाम होते. दोन होनिंग करून (आतून घासून) वाचले, दोन बदलावे लागले. रबर किट सगळीकडे नवीन. हे रबर पेट्रोलने किंवा इंजिन ऑइलने धुवायचं नाही, ते फुगतं. ब्रेक ऑइलच वापरायचं. लवचीक होजपाइप बाहेरून ठणठणीत दिसतात, पण आतून फुगून वाट बंद करतात. पेडल दाबलं की दाब चाकापर्यंत जातो, सोडल्यावर परतत नाही, आणि ड्रम तापतो. म्हणून ते न बघताच बदलावेत. डॉट ३ ब्रेक ऑइल भरून मास्टर सिलेंडरपासून (पेडलकडच्या मुख्य सिलेंडरपासून) सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढली.

रेडिएटरमधून तांबडं पाणी आलं. उलट्या दिशेने पाणी सोडून ते नितळ येईपर्यंत धुतलं, होज आणि थर्मोस्टॅट बदलले, डिस्टिल्ड पाण्यात कूलंट भरलं. टायरची नक्षी शाबूत होती, पण कडेवरचे शेवटचे चार आकडे २३१२ होते, म्हणजे २०१२ चा २३ वा आठवडा. चारही टायर काढून टाकले.

मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होत्या, त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पार्ट अजून सापडतात. ब्रेक किट, पॉइंट, डायफ्राम दिसले की दोन-दोन घेऊन ठेवावेत. आरटीओत नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, पंधरा वर्षांपुढच्या नोंदणी नूतनीकरणाला फॉर्म २५. तपासणीत गाडी प्रत्यक्ष उभी करावी लागते, म्हणून दिवे, हॉर्न, वायपर आधी चालते करून घेतले.

पहिल्या २०० किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदललं. ते अगदी काळं आणि गाळाचं निघालं, कारण नव्या ऑइलने आतला जुना साका सोडवला होता. दुसऱ्यांदा ५०० किलोमीटरनंतर काढलं तेव्हा ते पुष्कळ स्वच्छ होतं, आणि चारही प्लगची टोकं फिकट तपकिरी.